शेवटची नावं

दगडी हातांच्या त्या माणसाने समोरच्याच्या पाठीत मूठ घातली आणि अख्खा कणा ओढून बाहेर काढला, तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. माझ्या शेजारी बसलेला माझा मेहुणा देवानंद तर उठून उभाच राहिला.

"दाजी, पाह्यलं का? याले बोनस म्हन्तात! गेममधी तीन बटनं संगं दाबा लागतात!"

मी त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवलं.

पडद्यावर तो माणूस हातातला कणा डोक्यावर गरगर फिरवत होता. त्याचे शिंतोडे उडत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अजून एक काढ बे!" आणि सगळे हसले. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भुकेचं नव्हे. ओकारी येण्याआधी सुटतं ते.

मी एकतीस वर्षं चीरघरात काम केलं आहे. सरकारी दवाखान्याच्या मागे, भिंतीला लागून एक खोली असते. कागदावर तिला शवविच्छेदन गृह म्हणतात, आमच्याकडे चीरघर. बुडालेला, जळालेला, गाडीखाली आलेला, ज्याच्या मरणाची पोलिसांत नोंद होते असा माणूस तिथे येतो. डॉक्टर पाहतात आणि लिहितात. उघडायचं आणि परत शिवायचं काम माझं होतं. सोयरे, शेजारी, चहावाला, नवीन लागलेले पोलीस, सगळे मला एकच विचारायचे. "कचरूभाऊ, तुमाले किळस नाई येत का हो?" मी खरं सांगायचो की नाही येत. त्यांना ते खोटं वाटायचं. वास येतो, डोळे चुरचुरतात, कधी जेवण जात नाही. पण विहिरीत आठ दिवस राहिलेल्या माणसाचीही मला किळस आली नाही.

ती त्या दिवशी आली. बुलढाण्याच्या टॉकीजमध्ये, बाराच्या शोला, गादीच्या खुर्चीवर बसून. आणि उठून जाता येत नव्हतं. या पिक्चरच्या शेवटी माझ्या मुलीचं नाव येणार होतं आणि ते पाहायचा शब्द मी तिच्या आईला दिला होता. तिची आई जाऊन सात महिने झाले आहेत.

समीक्षा आमची एकुलती एक. ती पुण्याला एका कंपनीत आहे. परदेशी पिक्चरमधली कामं तिथे कंप्युटरवर करतात. ती नेमकं काय करते ते मला बरेच दिवस कळलं नाही. तिच्या आईला लवकर कळलं. डोणगावात आमच्या गल्लीत ती बायांना सांगत बसायची, "पिक्चरमधी घराले आग लागते ना, थे खरी नसते बाई. थे आपली समीक्षा लावते." मग एखादी म्हणायची, "मंग पोरीले सांग ना, माह्या सासूच्या घराले लाव म्हणा एकदाची." आणि सगळ्या हसायच्या.

मागच्या वर्षी समीक्षाचे फोन वाढले. आईच्या तब्येतीची चौकशी झाली की ती म्हणायची, "बाबाले दे." आणि मला विचारायची, "बाबा, बरगडी मोडली की आधी काय दिसते? मांस फाटते तेव्हा सरळ फाटते का?" मला वाटलं, डॉक्टरांवरचा पिक्चर असेल. मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. एकतीस वर्षं मी जे पाहिलं ते कोणी मला विचारलं नव्हतं. कागदावर सही डॉक्टरांची असायची. मी तिला सगळं सांगत गेलो. कणा पांढरा नसतो, हेही मीच सांगितलं.

"शायेतल्या सांगाड्याचा पांढरा असते बाई, थो धुतलेला असते. खरा कणा पिवळट असते, ओला. अन् एकटा येत नाई. दोरे येतात सोबत. अन् हातानं ओढला तं निघतच नाई."

"नाहीच निघत?"

"दहा माणसं लाव. माणूस लय घट्ट शिवेल असते."

तिची आई खाटेवर पडून ऐकायची. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा तिला रक्त धुवायला न्यावं लागायचं. ती कानावर पदर घ्यायची. "अहो, जेवाच्या टायमाले तरी नका ना सांगू. भाकर गयाखाली उतरत नाई माही."

एकदा समीक्षाने सांगितलं की या पिक्चरच्या शेवटी कंपनीतल्या सगळ्यांची नावं येणार आहेत, तिचंही. फोन ठेवल्यावर तिची आई खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "मी असन नसन. तुमी जाजा. शेवटपर्यंत बसजा, मधात उठू नका. अन् नाव कसं दिसलं थे मले येऊन सांगजा."

"कुठी येऊन सांगू?" मी चिडूनच विचारलं.

"घरी. अजून कुठी?"

पिक्चर बुलढाण्याला लागला, तेव्हा समीक्षाला सुट्टी मिळाली नाही. देवानंद मात्र आपलं मोबाईलचं दुकान बंद करून निघाला. तो माझ्या बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली मोबाईल धरून हाच गेम खेळतो. पहाटेची गाडी धरून आम्ही मेहकरला उतरलो, तिथून दुसरी गाडी. वाटेत चिखलीपर्यंत तो मला गोष्ट समजावून सांगत होता. एक काळा राजा आहे, तो लोकांच्या सावल्या जिंकून घेतो. ज्याची सावली गेली तो त्याचा गुलाम. त्याच्याशी लढायला सात जण येतात. एकाचे हात दगडाचे, एकीच्या वेणीला लोखंडी घंटा.

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग काय, मारामारी. गेमवरून काढेल आहे ना. हारलेल्यालेबी मारता येते. थोच तं बोनस."

"हारल्यावर?"

"हाव! तो खाली पडते, मंग घंटा वाजते, मंग तुमी त्याले पाह्यजे तसा फाडा. मजा असते."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला वाटलं, देवानंद वाढवून सांगत असेल. तो वाढवून सांगत नव्हता. कण्यानंतर आणखी तीन बोनस झाले. एकाला उभा चिरला. एकाचं डोकं वेणीच्या घंटांमध्ये धरून फोडलं. दर वेळी आधी घंटा वाजायची, टॉकीजमधली माणसं ती ऐकून आधीच ओरडायची. लग्नात जेवणाची पंगत बसली म्हणून ओरडतात तसं. माझ्या पुढे एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ती लेकराला म्हणाली, "पाह्य, पाह्य, आता फोडते पाह्य."

मध्यांतर झालं तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. देवानंदने दोन समोसे आणले. त्यावर लाल चटणी ओतलेली होती.

"खा ना दाजी."

"घेऊन जा थे इथून."

"काऊन? बरं नाई का?"

तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. तिने वेळ बघूनच केला होता.

"बाबा, मध्यांतर झालं असंन ना? कसा आहे?"

"थो कणा तू केला का?"

"मी अन् अजून सहा जणं. चार महिने लागले. कसा झाला?"

मी देवानंदच्या हातातल्या समोशांकडे पाठ केली.

"रंग बरोबर आला का बाबा? आमच्या सरले पांढरा पाह्यजे होता. मी भांडले. म्हटलं, माह्या बाबांनी एकतीस वर्षं पाह्यला आहे, पांढरा नसते."

तिच्या आवाजात आनंद होता. दहावीच्या निकालाला फोन केला होता तेव्हाचा.

"रंग बरोबर आहे," मी म्हणालो. "पण लोकं हासून राह्यले बाई."

"गेमच आहे ना बाबा तो. लोकाइले मजा वाटते."

"त्याचं नाव काय होतं?"

"कोणाचं?"

"ज्याचा काढला त्याचं."

"त्याले नाव नाही बाबा. तो असाच होता, गर्दीतला."

"मंग काऊन काढला?"

उत्तराची वाट न बघता मी पुढे बोललो.

"मी तुले याच्यासाठी सांगितलं होतं का?" माझा आवाज वाढला. समोसे खाणारे माझ्याकडे बघायला लागले. "मले ओकारी येऊन राह्यली समीक्षा. एकतीस वर्षांत आली नाही थे आज येऊन राह्यली. मी चाललो घरी."

"जा," ती म्हणाली. आवाज तिच्या आईसारखा झाला होता. "आईले काय सांगाल थे तुमचं तुमी पाहा." आणि तिने फोन ठेवला.

नाव विचारलं ते उगाच नव्हतं. त्यामागे तिची आईच आहे, ते सांगायला हवं.

मी नोकरीला लागलो तेव्हा मला हे काम एका म्हाताऱ्या माणसाने शिकवलं. दाभण घ्यायचं, सुतळी ओवायची आणि पोतं शिवतात तसं शिवून टाकायचं. सगळे तसंच करायचे. सहा महिने झाले असतील, अन्नपूर्णामावशी आली. माझ्या बायकोची सख्खी मावशी, सुलतानपूरची. पऱ्हाटीत कापूस वेचताना साप चावला होता. मी बाकीच्यांना शिवायचो तसंच तिला शिवलं. घरी नेल्यावर बायांनी आंघोळ घालायला चादर काढली आणि पाहिलं.

त्या दिवशी माझ्या बायकोने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुरीचं पोतं शिवलं का हो तुमी? माही मावशी होती थे."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जुनं लुगडं आणि दाभण घेऊन माझ्यासमोर बसली आणि मला गोधडीचा टाका शिकवला. बारीक, एकसारखा, गाठ आतल्या बाजूला. तीन संध्याकाळी लागल्या. माझ्या बोटांतून रक्त आलं तरी तिने सोडलं नाही. वर म्हणाली, "अन् हात लावाच्या आधी नाव घेत जा. काय करून राह्यले थे सांगत जा. कोनाच्या घरात न विचारता घुसते का कोनी?"

तेव्हापासून मी पोलिसांच्या कागदावरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय कोणाला हात लावला नाही. "उकंडराव, जरा कुशीवर करतो तुमाले." "राखीबाई, होत आलं आता." सुरुवातीला पोलीस हसायचे, डॉक्टरही हसायचे. नंतर एक डॉक्टर स्वतःच म्हणायचे, "कचरू, नाव घेतलं का? मग करू सुरू." ज्याची ओळख पटलेली नसायची त्याला मी "पाव्हणे" म्हणायचो. घरी गेलो की ती पाणी तापवून अंगणात ठेवायची आणि विचारायची, "आज कोण होतं?" मी नाव सांगायचो. ती एक क्षण थांबायची आणि मग जेवायला वाढायची.

एवढ्या लोकांची नावं घेतली, पण तिचं कधी घेतलं नाही. आमच्या वेळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. मी "अवं" म्हणायचो, समीक्षा झाल्यावर "समीक्षाची आई". ती "अहो". शेवटी तिला आंघोळ बायांनी घातली. मी बाहेर मांडवात उभा होतो. दवाखान्यातून आणलेल्या कागदांवर, दाखल्यावर, सगळीकडे तिचं नाव मी लिहिलं. तोंडाने घेतलं नाही.

तर मी घरी गेलो नाही. आत जाऊन बसलो.

मध्यांतरानंतर आवाज आणखी वाढवला होता. छातीत दणके बसत होते. राजाची फौज एका गावात शिरली. पुन्हा आग, पुन्हा घंटा, माणसं नुसती फुटत होती. मी डोळे मिटून घेतले. एकदा उघडले तेव्हा एका घराच्या दारात एक म्हातारी पडलेली होती. लढाई मागे चालली होती, पडद्याच्या कोपऱ्यात. पुढे नुसता तिचा हात. उंबऱ्यावर पडलेला, मुठीत कोणाच्या तरी कपड्याचं टोक.

मूठ सुटायला लागली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग उरलेली दोन, एकदम. अंगठा राहिला. अंगठा त्या कपड्यावर तसाच दाबलेला राहिला, आणि मग तोही सुटला.

मी ताठ झालो.

सात महिन्यांपूर्वी, सकाळी नऊ वाजता, आमच्या घरी हेच झालं. समीक्षा खाटेच्या कडेला बसली होती. तिच्या ओढणीचं टोक तिच्या आईच्या मुठीत होतं. मी चमच्याने पाणी पाजत होतो आणि पाणी आत जात नव्हतं. करंगळी, मग शेजारचं बोट, मग दोन. अंगठा शेवटी. घरात आम्ही तिघंच होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. समीक्षाने मला विचारलंही नव्हतं. विचारायची गरज नव्हती, तिने पाहिलं होतं.

"पुढं ढकल ना बे," मागून कोणीतरी म्हणालं. देवानंद मोबाईलवर मेसेज वाचत होता.

मला समीक्षाचा इतका राग आला की खुर्चीचा हात मी घट्ट धरला. आईच्या खाटेवरून उठून ही पोर कामावर गेली आणि आईचा हात तिने या घाणीत आणून ठेवला. जिथे लोक समोसे खातात. जिथे कोणाला नाव नाही. मला तिथेच तिला फोन करून बोलायचं होतं. पण मी पाहत राहिलो. तो हात चार-पाच सेकंद असेल पडद्यावर. तेवढ्यात मला एक कळलं आणि ते मला आवडलं नाही. सुरुवातीपासून या पिक्चरमध्ये एकही माणूस मेला नव्हता. नुसते फुटले होते. ती एकटी म्हातारी मेली होती.

मग पुन्हा घंटा वाजली आणि पुन्हा शिट्ट्या.

शेवटी काळ्या राजाला मारायला अर्धा तास घेतला. त्याचं काय काय काढलं ते मी सांगत नाही. राजा संपला, सावल्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या, गाणं लागलं आणि खालून पहिलं नाव वर यायला लागलं. मी चष्मा पुसून घातला. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि टॉकीजमधले दिवे लागले.

लोक बाहेर पडायला लागले होते. देवानंद म्हणाला, "चला दाजी, झाला."

"नावं?"

"कोनती नावं?" मग त्याला आठवलं. "हाव ना. अरे! नावं कुठी गेली?"

आम्ही जिना चढून वर मशीनच्या खोलीत गेलो. तिथे निवृत्ती नावाचा माणूस डबा उघडून जेवायला बसला होता. पन्नाशीचा असेल.

"भाऊ, नावं दाखवली नाई तुमी," मी म्हणालो.

"कोनाची?"

"पिक्चरच्या शेवटी येतात थे."

"थे कोन पाह्यते बाप्पा? इथं कोनी नाई थांबत. मी बंद करतो तिथंच. तीनचा शो आहे, झाडझूड करा लागते."

"माह्या पोरीचं नाव आहे त्यात."

त्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मग देवानंदकडे. "इंग्रजी पिक्चरमधी? तुमच्या पोरीचं?"

"पुण्याले कंप्युटरवर केलं तिनं," देवानंद म्हणाला. "थो कणा काढला ना, थो आमच्या भाचीनं काढला!"

"काय सांगता!" निवृत्ती एकदम खूश झाला. "थो तं एक नंबर आहे बाप्पा! लोकं दोनदा-दोनदा येऊन राह्यले त्याच्यासाठी."

मी दाराची चौकट धरली.

"भाऊ, थे राहू द्या. मले फक्त नाव पाह्याचं आहे. तिच्या मायले शब्द देला मी."

"मंग सांगून द्या ना मायले, नाव होतं म्हणून. तिले काय समजते?"

"माय नाई आता," मी म्हणालो. "अन् तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाई."

निवृत्तीने हातातला घास डब्यात परत ठेवला. देवानंद जमिनीकडे बघत होता. खाली कोणीतरी खुर्च्या आपटत होतं.

"झाडनं होईपर्यंत लावतो," निवृत्ती म्हणाला. "आवाज नाई देत. लाईटबी नाई बंद करता येनार, तानुबाई झाडून राह्यली. दिसन तसं पाहून घ्या."

आम्ही खाली येऊन पहिल्या रांगेत बसलो. पाय ठेवले तिथे काहीतरी चिकट सांडलं होतं. सगळे दिवे चालू. तानुबाई मागच्या रांगेपासून झाडत येत होती. मक्याच्या लाह्या, कागद, बाटल्या. पडदा फिकट दिसत होता आणि त्यावर नावं वर जायला लागली. आवाज नव्हता, नुसता झाडूचा.

इंग्रजी मोठी अक्षरं मला वाचता येतात. चीरघरातून बरण्या तपासणीला जायच्या, त्यावर नावं इंग्रजीत लिहावी लागायची. पण लिहायला वेळ असायचा. इथे नावं थांबत नव्हती. एका वेळी पन्नास-साठ. मी वाचायला लागलो की ती वर निघून जायची.

"बाप रे," देवानंद मोबाईल वर धरून रेकॉर्डिंग करत होता. "इतके लोकं! इतके तं लढाईतबी नव्हते मेले."

समीक्षाने मला आधीच सांगून ठेवलं होतं. कंपनीचं नाव जाड अक्षरात येईल, त्याच्या खाली पाहा, आडनावाप्रमाणे नाही, पहिल्या नावाप्रमाणे आहेत. मी तिच्या दाखल्यांवरचं नाव डोळ्यांसमोर धरून बसलो. समीक्षा कचरू सरकटे. पहिलं अक्षर वळणाचं एस, ते शोधायचं.

तानुबाई पाच-सहा रांगा मागे आली होती. कंपनीचं जाड नाव वर आलं. मी उठून पडद्याजवळ गेलो. तिथून अक्षरं फुटलेली दिसत होती म्हणून पुन्हा मागे आलो आणि बसलो. वळणाचं अक्षर आलं. सचिन कोणी होता. समाधान. समीर. मग समीक्षा.

समीक्षा आणि कचरूच्या मध्ये आणखी एक नाव होतं.

मी आधी दुसरीच मुलगी समजलो. मग पुन्हा पाहिलं. ते वर चाललं होतं. शेवटी सरकटे होतंच. मधलं नाव मी एकेक अक्षर जोडून वाचलं, आणि वाचायचो तसं मोठ्याने वाचलं.

"सुवर्णा."

देवानंदने माझ्याकडे पाहिलं. मोबाईल धरलेला त्याचा हात खाली आला. ती त्याची बहीण होती आणि एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून त्याने तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

नाव पडद्याच्या वरच्या काठाला लागलं आणि गेलं. खालून दुसरी येतच होती. पिक्चर घाणच होता, त्यात माझं मत बदललं नाही, आणि समीक्षाला मी ते तोंडावर सांगणार आहे. पण चीरघरात नाव घेतलं की माझे हात आपोआप कामाला लागायचे. आता नाव घेतलं होतं आणि हातांना काही काम नव्हतं. मी ते मांडीवर ठेवून बसलो.

तानुबाई झाडत आमच्या रांगेत आली.

"बाबा, जरा पाय उचला," ती म्हणाली.

मी पाय उचलले.